पहिल्या लाटेवर उभं राहिलंच पाहिजे असं नाही

"मी ४४ वर्षांची, चिंचवडला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, मिस्टर, पंधरा वर्षांची लेक आणि सासूबाई असे चार दिवस गोव्याला जातोय. आश्वे-मांद्रेच्या बाजूला खोल्या घेतल्या आहेत. लेकीनं सर्फिंगचा क्लास लावायचं ठरवलंय. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच तो जास्त करावासा वाटतोय. लहानपणी आजोळी विहिरीत पोहायला शिकले, पाठीला भोपळा बांधून. पण गेली पंचवीसेक वर्षं पाण्यात उतरले नाही. वजन ७६ किलो आहे. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. मिस्टर म्हणतात, 'तिला करू दे, तुझं काय मधेच? या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का?' सासूबाई काही बोलत नाहीत, पण समुद्रात मी कोणते कपडे घालून उतरणार हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. तो माझ्याही मनात आहे. मी हट्ट करावा, की लेकीच्या चपला सांभाळत किनाऱ्यावर बसावं?"
– एक वाचक, चिंचवड

ताई,

उतरा पाण्यात. लेकीसोबत क्लास घ्या. वय, वजन, गुडघा, कपडे या सगळ्यांवर मार्ग आहे आणि तो मी खाली सांगते. पण माझ्या 'हो'ला एक अट आहे, आणि ती गोव्याला निघायच्या आधी चिंचवडमध्येच पुरी व्हायला हवी. म्हणून आधी तिच्याबद्दल.

विहिरीत शिकलेल्या माणसाला एक गोष्ट जन्मभराची मिळालेली असते. डोकं पाण्याखाली गेलं तरी आपण पुन्हा वर येतो, हे त्याच्या अंगाला ठाऊक असतं. सर्फिंगच्या पहिल्या तासात याचीच सगळ्यात जास्त गरज लागते, कारण तुम्ही पडणार, पुन्हा पडणार, आणि दर वेळी डोक्यावरून फेस जाणार. चांगली धडधाकट माणसं नेमकी तिथंच बिथरतात. तेव्हा भोपळा सोडून पोहायला लागलेल्या त्या मुलीला कमी लेखू नका. पण विहिरीला काठ असतो, पायऱ्या असतात, पाणी जागच्या जागी असतं. समुद्र तुम्हाला न विचारता वीस पावलं बाजूला नेऊन ठेवतो. शिवाय पोहणं अंग विसरत नसलं, तरी दम मात्र पंचवीस वर्षांत पार गेलेला असतो.

म्हणून आता जो महिना-दीड महिना हातात आहे, त्यात आठवड्यातून दोन-तीनदा जवळच्या तरणतलावावर जा. डिसेंबरात सकाळचं पाणी बोचतं, दुपारची बॅच मिळाली तर बघा. वेगानं पोहायची काही गरज नाही. मला तुमच्याकडून एवढंच हवंय: पाठीवर निवांत दोन मिनिटं तरंगता यावं, २५ मीटरच्या तलावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन न थांबता परत येता यावं, आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर न घाबरता खोकून, श्वास सावरून पुन्हा पोहता यावं. पाठीवर तरंगणं मी मुद्दाम पहिलं लिहिलं. संकटात तेच वाचवतं, आणि नेमकं तेच बऱ्याच जणांना येत नाही. समुद्राच्या पाण्यात, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असल्यानं, तुम्ही तलावापेक्षा थोड्या जास्तच तरंगाल.

आणि एवढं जमलं नाही, तर? तर यंदा थांबा, असं मी म्हणेन. "पोहता येत नसलं तरी चालतं, आम्ही कमरेएवढ्या पाण्यातच शिकवतो," असं काही ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. कमरेएवढं पाणी लाट आली की छातीएवढं होतं. पायाखाली वाळूत खड्डा लागला तर गळ्याएवढं. बोर्ड, म्हणजे लाटेवर स्वार व्हायची फळी, तरंगतो हे खरं, पण तो हातातून सुटतो, आणि पायाला बांधलेली दोरी, म्हणजे लीश, तुटूही शकते. बोर्ड हे पोहण्याला पर्याय नाही. लेकीलाही हीच अट लावा. पंधराव्या वर्षी धीटपणा भरपूर असतो. तिला सोबत तलावावर न्या आणि ती खरोखर किती पोहते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता जागा आणि वेळ. तुम्ही नकळत दोन्ही चांगल्या निवडल्या आहेत. जानेवारीत गोव्याचा समुद्र बहुतेक दिवस शांत असतो, लाटा गुडघ्याएवढ्या ते कमरेएवढ्या. पाणी २७-२८ अंशांचं, म्हणजे रबरी वेटसूटची गरज नाही. याच किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरात समुद्र खवळलेला असतो आणि तेव्हा नवशिक्यानं पाऊलही टाकू नये. आश्वे-मांद्रेच्या पट्ट्यात तळाशी बहुतेक ठिकाणी वाळू आहे. आश्व्याला मध्येमध्ये खडक आहेत, तेवढे टाळायचे. दक्षिणेला मोरजीच्या टोकाशी शापोरा नदी समुद्राला मिळते. तिथं मात्र जाऊ नका. नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचं पाणी जोरानं आत-बाहेर करतं आणि वरून ते दिसत नाही. उत्तरेला केरीला तेरेखोल नदीच्या मुखाशीही तेच.

वेळ सकाळचीच घ्या. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवत असतील. रात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हलका असतो, आणि तो समोरून आल्यानं लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपार झाली की खारा वारा सुटतो, पाणी विस्कटतं, लाट कुठून येतेय तेच कळेनासं होतं. दुपारी तीनचा क्लास स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नका.

भरती-ओहोटीचंही बघा. अगदी पूर्ण भरतीला लाटा किनाऱ्याच्या उतारावरच येऊन आपटतात, तुम्हाला शिकायला जागाच उरत नाही. अधलीमधली पातळी उत्तम. कोकणात जुन्या माणसांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि साडेबारा तासांच्या अंतरानं पुन्हा. जसजसं दक्षिणेला जावं तशी ती थोडी आधी येते, म्हणून गोव्यात हा आकडा ढोबळच समजा. नेमकी वेळ शिकवणाऱ्यांना विचारा. त्यांना ती तोंडपाठ असली पाहिजे. नसली, तर तेवढ्यावरूनच तुम्हाला त्यांच्याविषयी पुरेसं कळेल.

शिकवणारे कसे निवडायचे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. किनाऱ्यावर बोर्ड उभे करून ठेवलेला प्रत्येक जण शिक्षक नसतो. आदल्या दिवशी संध्याकाळी चालत जा, मिस्टरांनाही न्या, आणि बोला. पाण्यात माझ्याबरोबर कोण असणार, आणि त्याच्याकडे एकूण किती जण असणार? तुमच्यासाठी एका शिक्षकामागे दोघं, फार तर तिघं, याहून जास्त मला चालणार नाही. जीवरक्षणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का? आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचा, म्हणजे 'आयएसए'चा, शिक्षकांसाठी पहिल्या पायरीचा कोर्स असतो आणि जीवरक्षणाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय तो पुरा होत नाही. भारतातले बरेच शिक्षक तो करून आलेले आहेत, प्रमाणपत्र दाखवायला त्यांना आनंदच होतो. उद्या लाटा मोठ्या असल्या किंवा अजिबातच नसल्या, तर काय करणार? "काही होत नाही, करू आपण" असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढं जा. "बघू, नाहीतर परवा घेऊ, पैसे जात नाहीत" हे बरोबर उत्तर. जानेवारीत एखादा दिवस समुद्र तलावासारखा सपाट असतो, हे मनात धरून चला.

तुमच्या वजनाचा प्रश्न इथंच सुटतो. पहिल्या दिवशी सॉफ्टटॉप बोर्डच हवा, म्हणजे वरून फोमचा, मऊ, आठ-नऊ फुटी. कडक फायबरचा नको. तो डोक्याला लागला तर फुटेल. बोर्डचं आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि बहुधा त्यावर लिहिलेलं असतं. नवशिक्यासाठी तो आकडा आपल्या किलोंपेक्षा कमी नसावा. तुम्ही ८५-९० लिटरचा मागा. नऊ फुटी बोर्ड शंभर किलोच्या माणसालाही आरामात पेलतो. वजन सांगायला लाजू नका. ते खोटं सांगितलं तर बोर्ड छोटा मिळेल, तो बुडेल, आणि तुम्हाला वाटेल आपल्यालाच जमत नाही.

कपड्यांबद्दल. लांब बाह्यांचा लायक्राचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा शर्ट, आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची लेगिंग, एवढंच. हा काही शालीनतेसाठी केलेला समझोता नाही, सर्फिंगसाठी हाच सगळ्यात शहाणा वेश आहे. बोर्डवर पालथं पडून सरकताना पोट, कोपरं, गुडघे खरचटतात. उन्हात पोटऱ्या आणि गुडघ्यामागची कातडी भाजून निघते. अंग झाकलेलं असलं की दोन्ही वाचतं. रॅशगार्ड बऱ्याच ठिकाणी क्लासबरोबर मिळतो, लेगिंग आपली न्या. सुती टी-शर्ट किंवा कुर्ता नको, पाणी पिऊन जड होतो. सासूबाईंना आधीच हे कपडे दाखवून टाका. माझा अनुभव असा की न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं समोर ठेवलं की तो प्रश्न तिथंच मिटतो.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, कानातलं लोंबतं काही, सगळं खोलीवर काढून ठेवा. यात तडजोड करू नका. साखळी बोर्डात, लीशमध्ये, शिक्षकाच्या हातात अडकते, आणि वाळूत गेलेलं जोडवं परत मिळत नाही. केसांची घट्ट वेणी, क्लचर नको. चष्मा काढावा लागेल, कॉन्टॅक्ट लेन्स पहिल्याच लाटेत जाईल. दूरचं कमी दिसत असेल तर शिक्षकाला तसं सांगून ठेवा, म्हणजे तो हाक मारून सांगेल. पाळीची तारीख त्याच दिवसांत येत असेल तर कप किंवा टॅम्पॉनची सवय असलेल्या बाईला काही अडचण नाही. नसेल तर क्लास दोन दिवस पुढंमागं करा.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. दीड-दोन तासांपैकी पहिली वीस-तीस मिनिटं वाळूवरच जातात. बोर्डवर पालथं पडायचं, हात छातीच्या बाजूला टेकायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात पाय खाली आणून उभं राहायचं. याला पॉप-अप म्हणतात. सूर्यनमस्कार घालत असाल तर ओळख लगेच पटेल: भुजंगासन आणि पर्वतासनानंतर एक पाय पुढं घेऊन अश्वसंचलनासनात जाताना जी हालचाल होते, तिच्याच जवळची ही आहे. फरक इतकाच, की पाय तळव्यावर सपाट यायला हवा आणि नजर समोर किनाऱ्यावर हवी. खाली पायांकडे बघितलंत की पडलात. तेव्हा तलावाच्या जोडीला रोज सकाळी चार-सहा सूर्यनमस्कार घालायला लागा. खांदे आणि मनगटं तयार होतील. पहिल्या दिवसानंतर सगळ्यात जास्त तेच दुखतात.

मग पाण्यात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. लाट पुढं फुटलेली असते आणि तिचा पांढरा फेस किनाऱ्याकडे धावत येतो. नवशिक्याचं सगळं शिक्षण या फेसात होतं. न फुटलेल्या हिरव्या लाटेकडे पहिल्या दिवशी जायचंच नाही. शिक्षक बोर्डचं तोंड किनाऱ्याकडे करून धरतो, तुम्ही पालथ्या, फेस आला की तो बोर्ड ढकलतो आणि तुम्ही निघता.

माझं सगळ्यात मनापासूनचं म्हणणं इथं आहे, ताई. पहिल्या पाच-सहा लाटांना उभं राहायचा प्रयत्नच करू नका. नुसत्या पालथ्या पडून किनाऱ्यापर्यंत या. फेसाखालचं पाणी आपल्याला उचलतं कुठं, वेग कधी येतो, पुढं सरकलं की बोर्डचं नाक कसं बुडतं, मागं सरकलं की कसा थांबतो, डावीकडे वजन टाकलं की तो कसा वळतो, हे अंगाला कळू द्या. सगळीकडे घाई असते ती फोटोसाठी उभं करण्याची. पहिल्या लाटेपासून "अप! अप!" असा आरडाओरडा, आणि माणूस दोन तास नुसता पडत राहतो. त्याला समुद्राबद्दल काहीच कळलेलं नसतं. उलट, जो आधी पालथा येतो, त्याच्या तोंडावर पहिल्याच फेरीत जे हसू फुटतं ते उभं राहिल्यावरच्या हसण्याहून कमी नसतं. शिक्षकाला सुरुवातीलाच सांगा: "मला आधी झोपूनच यायचंय." चांगला शिक्षक खूश होईल.

तुमच्या गुडघ्यासाठी तर हे वरदानच आहे. बरेच नवशिके आधी गुडघ्यावर येतात आणि मग उठतात. तुम्ही ते करू नका, दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार येतो आणि ती सवयही पुढं नडते. उभं राहावंसं वाटलं तर डावा पाय पुढं आणि उजवा पुढं, दोन्ही वाळूवर करून बघा. ज्यात गुडघा कमी कुरकुरेल ती तुमची बाजू. दोन्हीतही दुखलं तर क्लासभर पालथ्याच या. त्यालाही सर्फिंगच म्हणतात. आणि जिना उतरताना दुखतंय हे किती दिवसांचं आहे? निघायच्या आधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

पडायचं कसं, हेही शिकायचं असतं. डोक्यावर सूर मारायचा नाही, पाणी उथळ आहे. अंग पसरून, बाजूला किंवा पाठीवर पडायचं, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरायचे, कारण लीशनं बांधलेला बोर्ड तिथंच कुठंतरी घिरट्या घालत असतो. पाण्यात चालत आत जाताना बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका. एक घनमीटर पाण्याचं वजन टनभर असतं. लाट तो बोर्ड सरळ तोंडावर आणते. तो बाजूला धरायचा, नाक लाटेकडे. लीश हाताला गुंडाळायची नाही, बोटं जातात. आणि पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालायचं. तळाशी पाकट मासा बसलेला असला तर तो चाहूल लागून निघून जातो. चुकून त्याचा काटा लागलाच, तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि दवाखान्यात जायचं.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याविषयी फारसं कुणी सांगत नाही, आणि ती खास पहिल्यांदा सर्फिंग करणाऱ्यांनाच होते. फार क्वचित होते, पण माहीत असावी. बोर्डवर पालथं पडून, पाठ मागं कमानीसारखी वाकवून बराच वेळ राहिल्यानं मणक्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. हवाईतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याची पहिल्यांदा नोंद केली, नाव सर्फर्स मायलोपथी. मार लागलेला नसतो, अपघात नसतो. अचानक कंबर-पाठ दुखायला लागते, मग पायांना मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, लघवी अडणं. म्हणून लाटेची वाट बघताना पालथ्या पडून राहू नका, उभ्या राहा. मध्ये बाहेर येऊन पाणी प्या. आणि तुम्हाला किंवा लेकीला पाठीत अशी अचानक कळ आली तर "स्नायू धरला असेल" म्हणून पुढं चालू ठेवू नका. तिथंच थांबा, आणि पायांत फरक वाटला तर सरळ हॉस्पिटल.

आता मिस्टरांविषयी. "या वयात" हे शब्द तुम्हाला लागले, ते मला पत्रातून दिसतंय. पण मला वाटतं त्या वाक्यात वयापेक्षा भीती जास्त आहे, आणि ती भीती खोटी नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यात आपल्याकडच्या घाटावरच्या माणसांची नावं असतात. त्या भीतीशी वाद घालू नका, तिला काम द्या. शिक्षकाशी बोलायला त्यांना न्या, आणि रिप करंट ओळखायला त्यांना शिकवा. तुम्हीही शिका, लेकीलाही शिकवा.

रिप करंट म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी एका अरुंद वाटेनं जोरात परत आत जातं ती ओढ. डावी-उजवीकडे लाटा फुटताहेत, पांढरा फेस आहे, आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद, त्यात फेस किंवा कचरा समुद्राकडे चाललेला. तोच तो. नवखी माणसं पोरांना घेऊन नेमकी त्या "शांत" जागी उतरतात. ती ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहण्याच्या धडपडीत दमून. तिच्यात सापडलात तर बोर्डवर पालथ्या पडा, तो सोडू नका, एक हात वर करून हलवा, आणि थोडं आत गेलात तरी घाबरू नका. ओढ पुढं जाऊन विरते. मग किनाऱ्याला समांतर, फेस जिथं दिसतो त्या बाजूला हातानं वल्हवत जा आणि लाटांबरोबर बाहेर या. बोर्ड नसला तर पाठीवर तरंगा. म्हणून तलावातली ती दोन मिनिटं.

मिस्टरांनी काठावर उभं राहून या गोष्टीवर नजर ठेवायची, फोन खिशात घालून. व्हिडिओ नंतर. पाण्यात असताना काठावरची एक खूण, झोपडी किंवा झेंडा, ठरवून घ्या आणि दर दोन-तीन लाटांनी आपण तिच्यासमोरच आहोत ना ते बघा. गोव्यात मुख्य किनाऱ्यांवर सरकारनं नेमलेले 'दृष्टी'चे जीवरक्षक असतात. लाल झेंड्याच्या जागी पाण्यात जायचं नाही. क्लास सुरू व्हायच्या आधी तुम्ही कुठं उतरणार आहात ते त्या जीवरक्षकाला नुसतं सांगून ठेवा. आणि सकाळी रापण ओढणारे मच्छीमार दिसले तर त्यांच्या जाळ्यापासून लांब राहा. तो किनारा आधी त्यांचा आहे.

लेकीबद्दल थोडंच. ती तुमच्या आधी उभी राहील. पंधरा वर्षांच्या अंगाचा गुरुत्वमध्य, वजन, लवचिकपणा सगळं तिच्या बाजूचं आहे. शक्य असलं तर दोघींना वेगवेगळा शिक्षक मागा, वेळ एकच. म्हणजे ती "आई, अगं अशी नाही" असं शिकवायला येणार नाही, आणि तुम्ही दर वेळी पडताना ती कुठं आहे हे शोधत बसणार नाही. आईपणाची सुट्टी दोन तास तरी मिळू दे. त्यासाठीच तर मिस्टर काठावर आहेत.

सासूबाईंना मोकळी खुर्ची, छत्री आणि शहाळं. त्यांना यायचं नसलं तर आग्रह नको. आल्या तर तुम्ही पहिल्यांदा बाहेर याल तेव्हा टॉवेल त्यांच्याच हातून घ्या.

शक्य असलं तर एक क्लास न घेता दोन घ्या, मध्ये एक दिवस सोडून. चार दिवसांत दुसरा आणि चौथा दिवस मिळाला, तर उत्तम. पहिल्या क्लासला डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, शिक्षकाचे शब्द अर्धे वाऱ्यावर. अंगाला काय झालं ते दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना कळतं. दुसऱ्या क्लासला मात्र पाण्यात पाऊल टाकतानाच फरक जाणवतो. तुम्ही लाटेकडे बघायला लागलेल्या असता, बोर्डकडे नाही. पैसे एकाचेच असतील तर तो एक दुसऱ्या दिवशी घ्या, शेवटच्या दिवशी नको. समुद्र सपाट निघाला तर पुढं ढकलायला दिवस उरायला हवा. दोन तास आधी हलकं खा: केळं, पोहे. घावन-उसळ भरपेट खाऊन पालथं पडणं त्रासाचं होतं. आणि आदल्या रात्री कुणी काही घेणार असेल, तर त्यानं सकाळी पाण्यात उतरायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांनाच लागू.

तुमच्यासारख्या बायका तिथं असतील का, असा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण तो पत्राच्या ओळींमध्ये मला दिसला. असतील. आपल्या मुंबईत वाढलेली इशिता मालवीय मणिपालला शिकायला गेली, तिथं सर्फिंगला लागली आणि भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर झाली. २००७ मध्ये तिनं जोडीदारासोबत उडुपीजवळच्या कोडी बेंगरे गावात शाका सर्फ क्लब सुरू केला. तिच्यानंतर या किनाऱ्यावर बोर्ड घेऊन चालणाऱ्या बाईकडे बघायची नजर बदलली आहे. चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या बायका मी स्वतः पाण्यात पाहिल्या आहेत, रॅशगार्ड-लेगिंग घातलेल्या, पालथ्या पडून फेसाबरोबर ओरडत येणाऱ्या.

गोव्यात गोडी लागली, तर पुढचा टप्पा उडुपीचा तो किनारा धरा. कोकण रेल्वे थेट उडुपीला जाते, तिथून कोडी बेंगरे जवळ आहे, आणि आणखी दक्षिणेला मुल्की आहे. भारतात सर्फिंग रुजलं त्यात मुल्कीचा मोठा वाटा आहे. मार्च-एप्रिलमध्ये, लेकीची परीक्षा संपली की, जाता येईल. तेव्हा लाटा जानेवारीपेक्षा जरा मोठ्या असतील, आणि तोवर तुमच्या पोहण्यालाही चार महिने झालेले असतील. मे संपायच्या आत मात्र परत या.